पानमळ्याकडे जाणारा पाट

सौंदर्याला लहानपणापासून एका जागी बसवत नसे. तिची आई सीतालक्ष्मी म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, जेवताना पानावरूनसुद्धा दोनदा उठते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशा कुंभकोणातल्या राव कुटुंबातली ही मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली आणि चेन्नईत नोकरीला लागली. तिथे एका पावसाळ्यात समोरच्या बांधकामावरची माती गटारात वाहून आली, गटार तुंबलं आणि तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत गुडघाभर चिखल शिरला. तेव्हापासून ढग दाटले की तिची नजर आधी गटाराकडे जाई.

आईला एकटीला घर झेपेना, म्हणून ती कुंभकोणला परत आली. साक्कोट्टैच्या रस्त्यावर विष्णुवर्धन नावाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचं लग्नाचं कार्यालय उभं राहत होतं, तिथे तिला काम मिळालं. जागेच्या मागून एक पाट वाहत होता, आणि तो खालच्या पानमळ्यांना पाणी पुरवी. तळघरासाठी खोदलेली सगळी माती नेमकी त्या पाटाच्या काठावर रचलेली होती. सौंदर्याने ढिगारा हलवायला सांगितलं, निदान ताडपत्री आणि वाळूची पोती तरी मागितली. दिवाळी होऊ दे, मग बघू, असं विष्णुवर्धन म्हणाले. पुढच्या लग्नसराईच्या आत कार्यालय उघडायची त्यांना घाई होती.

त्या दिवसांत तिचं चित्त थाऱ्यावर नसे. घरी कॉफी पितानाही ती गच्चीवर जाऊन आभाळ बघून येई. आईने एकदा विचारलं, कार्यालय त्यांचं, माती त्यांची, तुझा जीव का खालीवर होतो? ती कप ठेवून पुन्हा गच्चीवर गेली.

दिवाळीच्या आधीच पावसाने झोडपलं. सकाळी ती पोचली तेव्हा ढिगाऱ्याचा एक कोपरा खचून पाटात गेला होता. तळघराचा खड्डा सिमेंटमिश्रित राखाडी पाण्याने भरला होता, आणि मुकादम उमेशने पंप लावून त्याचा पाइप थेट पाटात सोडला होता. मालकांचा हुकूम होता, दुसऱ्या दिवशी काँक्रीट यायचं होतं. सौंदर्याने जाऊन पंपच बंद केला.

फोनवर विष्णुवर्धन शांतपणे बोलत होते. "पाणीच तर आहे. वाहून जाईल."

"सर, त्यात सिमेंट आहे. खाली लोक हेच पाणी वेलींना देतात."

"काँक्रीट उद्या पडलं नाही तर परवापासून येऊ नका."

तिने फोन खिशात ठेवला आणि उमेशला मागच्या मोकळ्या जागेत एकामागे एक दोन खड्डे घ्यायला सांगितले. पहिल्यात गाळ बसेल, निवळलेलं पाणी गोणपाट आणि खडीतून दुसऱ्यात उतरेल, तिथून ते तपासून टँकरने हलवायचं. उमेश कुरकुरला, पण त्याने माणसं कामाला लावली. तेवढ्यात तिच्या मनात आलं, जे आधीच गेलंय त्याचं काय? ती पाटाच्या कडेकडेने जवळपास पळतच निघाली.

पहिला मळा राधाकृष्ण नावाच्या म्हाताऱ्याचा होता. तो पानं खुडत होता. आमच्या बांधकामाचा गाळ येतोय, पाणी घ्यायचं तोंड आधी बंद करा, असं तिने धापा टाकत सांगितलं. त्याने टोपली खाली ठेवली आणि फळी टाकून चिखलाने तोंड लिंपलं. पण काठाच्या वाफ्यांत राखाडी पाणी आधीच उतरलं होतं. तो वेलींच्या मुळांशी वाकला आणि बोटांनी माती चाचपली.

"सांगायला आलीस, बरं केलंस," तो म्हणाला. "पण ह्या ओळी जातील."

त्या गेल्याच. बाकीचा मळा वाचला. काँक्रीट आठवडाभर लांबलं. विष्णुवर्धननी तिला लगेच काढलं नाही, कारण ऐन वेळी दुसरा इंजिनिअर मिळेना. ढिगाऱ्यावर ताडपत्री आली, काठावर पोती लागली. वेलींची भरपाई द्या, असं तिने मालकांना रोज सांगितलं. शेवटी कंटाळून त्यांनी नवी रोपं पाठवली. पुढच्या कामाला मात्र तिला बोलावलं नाही.

उद्घाटनाला ती आईबरोबर गेली. पंगत बसत होती, आणि ही मागच्या अंगणात पोचली. खड्डे बुजवून तिथे फरशी झाली होती, आचाऱ्यांच्या भांड्यांचं तेलकट पाणी फरशीवरून पाटाकडे ओघळत होतं. हॉलमध्ये जाऊन तिने पाहुण्यांच्या घोळक्यातच विष्णुवर्धनना गाठलं आणि ते पाणी अडवायला सांगितलं. आज नको, असं ते हसत म्हणाले. उद्या सकाळी येते, असं सांगून ती तिथेच उभी राहिली. आईने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे पानावर जाऊन बसली.