फोन केल्याशिवाय निघायचं नाही

कामिनीताई गजभिये फोनवर बोलायला लागल्या की धंतोलीतल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दुसरं काही ऐकू येत नसे. पेशंट काटोलचा असला तर आवाज काटोलपर्यंत पोचलाच पाहिजे, अशा बेताने त्या बोलायच्या. मी आतल्या खोलीत चष्म्याचे नंबर काढतो. समोरच्या पाटीवरची ओळ वाचा म्हटल्यावर एका आजोबांनी बाहेरून ऐकू येणारं कामिनीताईंचं बोलणंच म्हणून दाखवलं होतं.

एकोणीस वर्षं त्या काउंटरवर आहेत. रोज दुपारी तीन वाजता रजिस्टर उघडायचं आणि उद्याच्या प्रत्येक पेशंटला फोन करायचा. "मी कामिनी बोलून राहिली, डोळ्याच्या दवाखान्यातून. उद्या दहा वाजता या. जेवून या. थेंबाची बाटली सोबत आणा." एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरावं. पण मग सुनेचं बाळंतपण, संत्र्याची तोड, गुडघेदुखी, सगळ्याची चौकशी व्हायची. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा. जो आला नाही त्याच्या नावापुढे लाल खूण आणि दुसऱ्या दिवशी फोनवर खरडपट्टी. मला या सगळ्याची चीड यायची, खोटं कशाला बोलू? मोबाइलच्या जमान्यात बाई घसा फोडतेय, असं वाटायचं.

धोंडबाजी हे त्यांच्या खास पेशंटांपैकी एक. काटोलजवळच्या खेड्यातले, सत्तरी ओलांडलेले. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा आधीच नेला होता. डावा तेवढा वाचवायचा होता, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासणी. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याचा दाब वाढतो तो माणसाला कळतही नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा ते न सांगता बस धरून आले आणि नेमके डॉक्टर बाहेरगावी होते. भर उन्हात आलेला म्हातारा तसाच परत गेला. कामिनीताईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी बजावलं, "धोंडबाजी, आता माहा फोन आल्याशिवाय घरून निघायचं नाही. समजलं ना जी?"

धोंडबाजींना समजलं.

गेल्या दिवाळीनंतर दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला आणि माझे हात शिवशिवायला लागले. काउंटरचा स्मार्टफोन मी कॉम्प्युटरला जोडून दिला. फोन ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून ठेवायचा. कॉल करायचा, घ्यायचा, मेसेज टाइप करायचा, सगळं समोरच्या पडद्यावरून. चाळीस जणांना एकच मेसेज पाच मिनिटांत जातो, हे मी करून दाखवलं.

"मले नाही जमत गा सुशील हे," त्या म्हणाल्या. आठ दिवसांत जमलं. फक्त एकदा त्यांनी विचारलं होतं, "ज्याले वाचता येत नाही, त्यानं काय करायचं?"

"घरात कोणी तरी वाचतंच, ताई," मी म्हणालो. "आता कोणाकडे शिकलेलं माणूस नाही?"

हे मी इतक्या झटक्यात बोललो, की विचार करायला मला वेळच मिळाला नाही. धोंडबाजींच्या घरी ते आणि त्यांची बायको. दोघांनाही अक्षरओळख नाही. मोबाइलवर मेसेज आल्याचा आवाज झाला, की तो कंपनीचा असणार, असं धरून ते फोन पुन्हा खिशात टाकायचे.

खेड्याकडच्या आमच्या पेशंटांची आणखी एक रीत होती. काही विचारायचं असलं की दोन रिंग द्यायच्या आणि फोन ठेवायचा. म्हणजे ताई, सवड झाली की फोन करा. पूर्वी त्या करायच्याच. आता ड्रॉवरमधला फोन मुका ठेवलेला असायचा. पडद्याच्या कोपऱ्यात नाव यायचं, खाली तयार उत्तराचं बटण. समोर रांग असायची. कामिनीताई बटण दाबायच्या आणि पुढच्या माणसाकडे वळायच्या. तयार उत्तरही मीच लिहून दिलं होतं. लाल खूण बंद झाली. जो आला नाही त्याला पुढच्या तारखेचा मेसेज जायचा. संध्याकाळी त्यांचा घसा मोकळा असायचा आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

जूनमध्ये धोंडबाजी आले ते पुतण्याचा, अंकुशचा, हात धरून. बागेतल्या पाटात पाय जाऊन पडले, तेव्हा घरच्यांना कळलं की त्यांना पाट दिसलाच नव्हता. डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. दाब तपासणारं यंत्र बाजूला सारलं. मग अंकुशला म्हणाले, डावाही गेला, गेलेली नजर परत येत नाही.

बाहेर आल्यावर कामिनीताईंनी त्यांना बाकावर बसवलं. "काहून नाही आले जी इतके दिवस?"

"तुहा फोन नाही आला वं माय," धोंडबाजी आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो होतो. चार-पाच वेळा रिंग बी दिली. मंग वाटलं, तुहीच तब्येत बरी नसन. बुढीले म्हटलं, पोरीले कायले तरास द्यायचा?"

त्यांनी खिशातला बटणांचा मोबाइल काढून पुढे केला. "पाह्य बरं, याच्यात काही आलं काय."

कामिनीताई वाचायला लागल्या. आपली तपासणी बारा डिसेंबरला सकाळी दहा वाजता आहे. सध्या बोलू शकत नाही, काय काम आहे ते मेसेजने कळवा. आपली तपासणी सोळा फेब्रुवारीला आहे. सध्या बोलू शकत नाही, मेसेजने कळवा. मेसेजने कळवा. एकूण आठ होते. ज्या बाईचा आवाज काटोलपर्यंत जायचा, तिचं वाचणं मला चार पावलांवरून नीट ऐकू येत नव्हतं. मला जीव नकोसा झाला. हे मी केलंय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आजवर मी ते त्यांना म्हणालेलो नाही.

धोंडबाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"इतक्या डाव बलावलं तू मले?" ते म्हणाले. "अन मी घरीच बसून राहिलो. चुकलं वं माय माहं. राग नको मानू."

कामिनीताईंनी पदर तोंडाला लावला.

अंकुशने त्यांना उठवलं. दाराशी पोचल्यावर ते थांबले. "आता पुढच्या तारखेले फोन करजो. फोन आल्याशिवाय मी निघत नाही."

"करते ना जी," कामिनीताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुढची तारीख दिलीच नव्हती.