कळण्याचं पीठ आणायला एरंडोलला

आईनं जेवण टाकलं, तेव्हा मी एरंडोलला जायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. वडील गेल्यावर जळगावची खोली सोडून आईला मी पुण्याला आणलं होतं आणि वर्षभरात ती एवढीशी झाली. डॉक्टरांनी कागदावर 'सकस आहार' लिहून दिलं. खिचडी, सफरचंद, टॉनिक, सगळं झालं. एकदा ती म्हणाली, "कळण्याची भाकरी असती तर खाल्ली असती." पुण्याचा गिरणीवाला ज्वारी-उडदात मीठ घालून दळायला तयार होईना. एरंडोलला तिची थोरली बहीण, अक्का मावशी होती. तिच्याकडून पीठ आणायचं, एवढंच काम.

जळगावची एसटी संध्याकाळी निघून सकाळी पोचवायची. तिकीट शंभराच्या आत, पाठीचे हाल वेगळे. पुढे एरंडोलपर्यंत तासाभराचा रस्ता. डिसेंबरात जाणार असाल तर शाल ठेवा. दोन्हीकडे वेचून झालेली कपाशी काळी पडून उभी होती. लोकांना तो रस्ता आवडतो म्हणे. मला भकास वाटला.

मावशीनं पहिल्या दिवशी शेवभाजी, पोळ्या आणि शिरा केला. दुसऱ्या दिवशी भरीत आणि पुऱ्या. मी कळण्याची भाकरी मागितली, तर ती रागावलीच.

"पाव्हनीले कळना वाढू का मी? लोके काय म्हनतीन?"

मी पाहुणी कधीपासून झाले, असं विचारायचं मनात होतं. पुरी घेतली.

शेवटी भाकरी खायला मिळाली ती मावशीच्या मळ्यात. मजुरीला आलेल्या एका बाईनं फडक्यातली अर्धी भाकरी हिरव्या मिरचीच्या ठेच्यासकट हातावर ठेवली. करडी, खरबरीत, खारट आणि पोटाला धरून राहणारी. तिनंच प्रमाण सांगितलं. चार वाट्या ज्वारी, एक वाटी काळे उडीद सालासकट, मूठभर खडे मीठ, एकत्र जाडसर दळायचं. भाकरी थापताना नुसतं पाणी लागतं. सोबत ठेचा किंवा ताक असलं की जेवण झालं. घाईच्या दिवसांत याहून सोपं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी दळणाला बसली. ज्वारी एकेक दाणा निवडून घेतली. मग डबा उघडून पांढरीशुभ्र उडदाची डाळ काढली, सणासुदीच्या वड्यांसाठी ठेवलेली.

"मावशी, काळे उडीद घालतात ना?"

"ती आजारी शे. तिले चांगलं नको का?"

साल नसलं तर पचायला हलकं, असं वाटलं मला. खरं तर मला लवकर निघायचं होतं.

परतीला धुळ्यात गाडी बदलली. स्टँडवर पिशवीतून पीठ जरा सांडत होतं, म्हणून ती नीट बांधायला उघडली. शेजारी बसलेल्या फेटेवाल्या आबांनी चिमूटभर पीठ बोटावर घेतलं.

"हाई काय शे?"

"कळणा."

"इतला पांढरा?" ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसलं. मालेगाव येईपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून बसले होते.

घरी आल्या आल्या भाकरी केली. आईनं ती मोडली, उलटी करून पाहिली.

"अक्कानं डाळ घातली."

"तू आजारी आहेस म्हणून. चांगलं म्हणून."

"हो, आल्यागेल्याला ती चांगलंच वाढते."

तिनं चार घास खाल्ले. लोकांकडे जेवायला गेल्यावर म्हणतात तसं "छान झालीय" म्हणाली आणि हात धुतले. त्यानंतर तिनं कधीच काही मागितलं नाही. चैत्रात ती गेली. अशक्तपणानं, असं डॉक्टर म्हणाले.

एरंडोलला जाणार असाल तर थंडीतच जा, भरीत चुकवू नका. कळण्याचं प्रमाण वर दिलंच आहे. मी आता घरच्या घरी दळते, आठवड्यातून दोनदा करते, मुलं आवडीनं खातात. मावशीचा मला राग नाही, तिनं घरातलं उत्तम तेच दिलं. राग माझाच येतो. ती डाळ निवडत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे काळ्या उडदाचं अर्धं पोतं उघडं होतं. मला दिसत होतं.