पी.पी. ई-मेल

जाफराबादच्या एसटी स्टँडसमोर बद्रीनाथचा गाळा होता. त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लाईट गेली की अर्धा तास कसाबसा तग धरणारी बॅटरी. साल दोन हजार एक. जालन्याच्या बियाणेवाल्यांना बिलांचे प्रोग्रॅम लिहून द्यायचे आणि ज्याला हौस असेल त्याला वेबसाईट करून द्यायची, हा त्याचा धंदा. तालुक्यात यातलं कळणारा दुसरा माणूस नव्हता आणि हेच त्याचं मोठं दुखणं होतं.

कारण बद्रीनाथला मतं फार. वेबसाईट उघडल्याबरोबर गाणं वाजता कामा नये. अक्षरं जागच्या जागी उभी राहावीत, जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरू नयेत. पान हलकं असावं, आपल्या टेलिफोनच्या लाइनीवरूनसुद्धा अर्ध्या मिनिटात उतरावं. पण हे सांगायचं कुणाला? बियाण्याचे व्यापारी अण्णासाहेब यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "बद्री, माझा फोटो गोल गोल फिरला पाहिजे. आन् साईट किती जणांनी पाह्यली त्याचा खाली आकडा असतो ना, तो पाच हजारापासून सुरू कर."

"अण्णासाहेब, साईट अजून चालू पण झाली न्हाई."

"मंग काय झालं? शून्य बघून कोण आत येतं?"

पहिलं वर्षभर त्यानं वाद घातला. मग कंटाळला. फोटो फिरवायचा, पाच हजार टाकायचे आणि घरी जेवायला जायचं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चांगला आहे की टाकाऊ, हे सांगणारं कुणी नाही, याचा शीण अंगमेहनतीपेक्षा जास्त असतो. कौतुक करणारे पन्नास होते. चूक काढणारा एक नव्हता.

फुकटच्या ई-मेलबद्दल तर त्याचं मत तोंडपाठ होतं. "फुकट देणारा काय आपला मामा लागत न्हाई. तीन एमबीची पेटी देतो तो. भरली की आलेलं पत्र दारातूनच वापस पाठवतो आन् आपल्याला सांगतसुद्धा न्हाई. म्हणून वाचलेलं पुसा, लागेल ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आन् ज्याची त्याची पेटी वेगळी पाहिजे." लोक माना डोलवायचे.

माना डोलवायचे आणि करायचे काय, तर आपलं जुनंच. घरात फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की माणसाला हाक मारून बोलवावं लागेल. सगळा तालुका असाच फोनवर बोलत आलेला. आता कुठल्याशा अर्जावर ई-मेलचा रकाना आला. भिवा कंडक्टरच्या पोरानं तिथं बेधडक बद्रीनाथचा पत्ता लिहिला आणि पुढे कंसात पी.पी. त्याचं बघून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं बघून दहाव्यानं. कुणी विचारलं नाही, शेजाऱ्याला कशाला विचारायचं? बद्रीनाथ चिडला, चार दिवस धुसफुसला आणि शेवटी स्टँडवर जाऊन, "भिवा, तुझ्या पोराच्या नावाचं आलंय," असं सांगत फिरायला लागला.

या पी.पी.वाल्यांत एक खैरुनबी. स्टँडमागे राहायची, साठीची बाई. तिचा अलीम शारजात नोकरीला. तिकडेच त्याला पोरगा झाला आणि खैरुनबीनं नातवाला अजून हातात घेतलं नव्हतं. अलीम ऑफिसातल्या स्कॅनरवर फोटो टाकून पाठवायचा, तेही चांगले नऊशे नऊशे केबीचे. पोराचा फोटो बारका कशाला पाठवायचा, असं त्याला वाटत असणार. दर शुक्रवारी दुपारी खैरुनबी येऊन स्टुलावर बसायची. फोटो वरून खाली उतरायला चार-पाच मिनिटं लागायची. आधी टोपी दिसायची, मग कपाळ, मग भुवया. डोळे दिसायला लागले की ती काहीतरी पुटपुटायची आणि नजर लागू नये म्हणून बोटं मोडायची.

एकदा बद्रीनाथनं शहाणपणा केला. फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला आणि ती आल्याबरोबर एका झटक्यात उघडून दाखवला. खैरुनबीचा चेहरा पडला.

"येवढ्या जल्दी?" ती म्हणाली. "न्हाई बेटा. मला तो येताना पाहायचाय."

बद्रीनाथनं तो कॉम्प्युटरवरचा पुसला आणि फोटो पेटीतच राहू दिले, म्हणजे दर शुक्रवारी ते तिच्यासमोर नव्यानं उतरतील. पहिला राहिला, दुसरा राहिला. जगाला पेटी रिकामी ठेवा म्हणणारा हा माणूस, ह्याची स्वतःची पेटी गळ्यापर्यंत भरलेली. त्याला ते कळत होतं. बघू पुढच्या शुक्रवारी, असं तो दर शुक्रवारी म्हणत होता.

त्याच पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं ई-मेलवर आलं. बद्रीनाथ तेहतिशीला टेकलेला. यापुढे कोण विचारणार म्हणून तो रातराणीनं गेला. समोर बसलेला पोरगा त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. त्यानं बद्रीनाथचा प्रोग्रॅम वाचला, अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे इथं चुकलंय." बद्रीनाथनं वाकून पाहिलं. खरंच चुकलं होतं. परत येताना गाडीत त्याला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. घरी बायकोला, नंदाला, त्यानं ती ओळ कागदावर लिहून दाखवली. ती म्हणाली, चूक काढली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदा बघून राह्यले.

निघताना तो पोरगा म्हणाला होता, आठ दिवसांत ई-मेलवर कळवू, दोन दिवसांत उत्तर द्या. आमचं सगळं ई-मेलवरच असतं.

सहाव्या दिवशी अलीमचा तिसरा फोटो आला. त्याच दुपारी रस्त्याच्या कामात कुणीतरी टेलिफोनची केबल तोडली आणि लाइन मेली. बद्रीनाथ टेलिफोनच्या ऑफिसात रोज दोनदा जाऊन बसला. पाचव्या दिवशी लाइन आली. पेटी काठोकाठ भरलेली होती आणि पुण्याचं नवं त्यात काही नव्हतं. फोटो आणि पुण्याचं ते बोलावणं सोडून बाकीचं त्यानं भराभर पुसलं आणि वाट पाहत बसला.

चार दिवसांनी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. 'आपल्याला दोनदा ई-मेल केला. पेटी भरलेली असल्याने दोन्ही परत आले. मुदतीत उत्तर नसल्याने जागा दुसऱ्या उमेदवारास दिली आहे.' खाली त्या पोरानं पेनानं एक ओळ लिहिली होती, वाईट वाटलं म्हणून.

बद्रीनाथनं पाकीट खिशात घातलं. चीड आली ती कुणावर, तर स्वतःवर. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तीही उरली नाही, नुसता थकवा आला.

तो शुक्रवार होता. दुपारी खैरुनबी आली, स्टुलावर बसली.

"तुझ्या पुण्याचं काय झालं रे बदरी?"

"न्हाई झालं, खाला. त्यांचं पत्र पोचलं न्हाई."

"पोस्टमन निकम्मा आहे," ती म्हणाली. "त्याला काही पडलेली न्हाई."

"हां. त्याचंच चुकलं," बद्रीनाथ म्हणाला.

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "अलीमचा फोन आल्ता. पोरगं बसायला लागलं म्हणे, बिलकुल आधाराशिवाय. त्याचा फोटो टाकला, तर वापस गेला म्हणून राह्यला. कामून रे बेटा?"

"जागा न्हवती, खाला."

"मंग कर की जागा."

बद्रीनाथनं पेटी उघडली. नातवाचे तीन फोटो होते, नऊशे नऊशे केबीचे. त्याखाली पुण्याचं मुलाखतीचं बोलावणं, चार केबीचं. ते पुसून काही जागा होत नव्हती, हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणालाच कळत नव्हतं. तरी त्यानं आधी तेच पुसलं.