कानबाईच्या गव्हातली एक जास्तीची मूठ

पोरीशी वाद घालताना बापाने भारदस्त वाक्यं टाकू नयेत. आपण विसरतो, ती विसरत नाही.

अंतराळातल्या लढायांची एक लांबलचक चित्रपटमालिका आम्ही बापलेकीने उन्हाळाभर ओळीने पाहिली. तिच्यात एक अदृश्य शक्ती असते. झाडात, दगडात, माणसात, सगळीकडून वाहणारी. तिचे साधक झगे घालून ध्यानाला बसतात, आणि राग मनात धरला की तीच शक्ती माणसाला काळोखात ओढून नेते. मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर. दिवसभर कापडाला रंग पाजणारा माणूस घरी आला की तत्त्वज्ञ होतो. "अगं, हे सगळं आपलंच आहे," मी सोफ्यावर मांडी ठोकून सांगायचो, "चैतन्य म्हण, प्राण म्हण!" मिलमधला माझा अकोल्याकडचा बौद्ध सहकारी यावर हसला होता. "मास्तर, आमच्यात आत्माच नाही, तुमची शक्ती बसणार कुठं? पण ती माणसं भीती सोडा, आसक्ती सोडा म्हणतात ना, ते मी आमच्या विहारात दर रविवारी ऐकतो." मी तेही घरी आणून स्वतःचं म्हणून खपवलं.

मग मालिकेत कळलं की शक्ती म्हणे ठरावीक घराण्याच्या रक्तातच जोर धरते. मुलगी भडकली. तिच्यासोबत मीही भडकलो, कारण भडकायला काही लागत नाही.

"छे! शक्ती सगळ्यांत सारखी. घराण्याचा काय संबंध?"

"नक्की, पप्पा?"

"नक्की म्हणजे काय, लिहून देतो!"

"मग श्रावणात कानबाईच्या रोटांत माझी मूठ धरायची."

मला ठसका लागला.

आम्ही खानदेशी. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, नथ-दागिने घातलेली नारळाची देवी. तिच्या आदल्या दिवशी रोट. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, एकत्र दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. बायका ते रांधतात, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या मुठीतून खातातही, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. सून गरोदर असली तर पोटातल्या जिवाचीसुद्धा मूठ आमच्याकडे धरतात, मुलगाच होईल या भरवशावर. जिवंत, पदवीधर, पुण्यात नोकरी लागलेल्या मुलीची धरत नाहीत.

यंदा कानबाई बसवायची पाळी पहिल्यांदाच आमच्या घरी होती. सकाळी मुलीने पुण्याला न्यायची बॅग दाराशी आणून ठेवली. "माझी मूठ धरली तर राहते. नाहीतर रोट व्हायच्या आधी निघते. आणि पुढच्या श्रावणात माझी वाट बघू नका." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ती हळू बोलली.

मूठ धरण्याचा मान मोठमायचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीचा. तिच्या अंगात कानबाई येते. एरवीही तिला फारसं कुणी उलट बोलत नाही. मोतीबिंदूमुळे चुकायला नको म्हणून ती एक नाव घेई, सव्वा मूठ गहू पातेल्यात टाकी आणि पाटावर एक सुपारी मांडी. तिला विचारायचं म्हणून मी तोंड उघडलं की ती वर बघायची, आणि मी "पाणी देऊ का?" म्हणायचो. बिचारी तेवढ्यात तीनदा पाणी प्यायली.

शेवटचं नाव झालं. गावाहून फोन आला म्हणून मोठमाय गॅलरीत गेली. मी पातेल्याशी पोचलो, मनात मुलीचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ गहू टाकले. इथवर माझा गुन्हा निर्दोष होता. पण मिलमध्ये टाकीत जे टाकशील त्याची खूण ठेव, हे माझ्या हातात इतकं मुरलंय की त्याच हाताने मी पाटावर एक सुपारीही मांडली.

मुलगी दारातून बघत होती. तिने बॅग उचलून आत नेली. मी छाती फुगवून गहू घरघंटीत ओतले.

पीठ पडून थंड झालं तेव्हा मोठमाय पाटापाशी बसली. सुपाऱ्यांवरून तिचं बोट फिरलं. पुन्हा फिरलं.

"हाई सुपारी जास्तीनी कशी?"

मी पंख्याकडे बघू लागलो. मोठमाय मात्र उजळली. जास्तीची मूठ म्हणजे जास्तीचा जीव, आणि घरात तशी आशा ठेवावी अशी एकच सून होती, माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, दवाखाने झाले, औषधं झाली, आणि यंदा तिने सगळं थांबवलं होतं. ती गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत बसली होती.

"सांगं नही व माय!" मोठमाय उठली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला निघाली.

विळी थांबली. माझा भाऊ बायकोकडे बघायला लागला, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मला आजही बघवत नाही. त्याला वाटलं, तिने आपल्यापासून लपवलं. तिला वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा केली. बोलायला हवं होतं ते मी. सर्वव्यापी शक्तीवर उन्हाळाभर बोलणारा मी पुन्हा पंख्याकडे बघू लागलो.

"ती माझी आहे, मोठमाय," मुलगी म्हणाली. "मीच हट्ट धरला होता."

"आणि टाकली मी," मी म्हणालो. उशिरा, पण म्हणालो.

मोठमायचा हात हवेतच राहिला. तिचे खांदे किंचित हलले तसे सगळे सरसावले. अंगात यायच्या आधी असंच होतं. कुणीतरी कापूर शोधायला धावलं. ती मात्र परातीपाशी गेली, पिठात बोटं खुपसली आणि चिमूटभर पीठ चोळून पाहिलं. मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी होती.

"दळाई गयं," मोठमाय अखेर म्हणाली. दळलं गेलं. "आते पोरले पीठमाईन कशी काढू?"

पोरीला आता पिठातून वेगळं कसं काढणार? तिने माझ्याकडे बघितलं.

"तुनी सुपारी उचल. मंग बरोबर हुई जाई."

"माझी?"

"बाया बापनी मूठमाईन खातीस. अवंदा तू पोरनी मूठमाईन खा."

मी माझी सुपारी उचलली आणि खिशात टाकली. ज्याच्या घरी कानबाई, त्याचीच मूठ नाही! मालिकेत शक्तीचा तोल सांभाळायला कुणाला तरी किंमत मोजावी लागते, हे मी मुलीला किती रंगवून सांगितलं होतं. तो कुणीतरी सोफ्यावर बसलेला असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पंगत बसली. भावाची बायको वाढत वाढत माझ्यापाशी आली, वाकली आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी आधी सांगत जा. मी तेवढ्यात नाव शोधायला लागले होते." ती हसली. मला हसता आलं नाही. माझ्या ताटात तिने खीर वाढली, भाजी वाढली, आणि रोटाची जागा रिकामी ठेवून पुढे सरकली.

मुलगी माझ्या समोरच बसली होती. पहिला घास तिने सावकाश चावला, अगदी सावकाश.

"मागा ना, पप्पा."

"दे," मी ताट पुढे केलं.

तिने रोट उलटासुलटा करून पाहिला, कडेचा करपलेला तुकडा मोडला आणि माझ्या ताटात ठेवला.