घारीच्या चोचीतलं गंगाजल

संक्रांतीच्या दुपारी आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगच्या गच्चीत मांज्याने पंख कापलेली घार पडली. मी तिला टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि घरी जाऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अंधारात ठेवा, पाणी पाजू नका, मी येतोय."

वर आलो तर शेजारच्या काकू तिच्या चोचीत तुळशीपत्र ठेवून चमच्याने गंगाजल ओतत होत्या. पाणी श्वासनळीत गेलं. घार तडफडून मेली.

"शेवटचं पाणी तरी मिळालं बिचारीला," काकू म्हणाल्या.

अहो, पण ती मरत कुठे होती? नुसता पंख कापला होता.

संध्याकाळी काकू तिळगूळ घेऊन दारात आल्या. मी तिळगूळ घेतला नाही आणि गोडही बोललो नाही.