बघितल्याशिवाय सही नाही

जगताप सर गेल्याचा निरोप सकाळी स्टाफच्या ग्रुपवर आला आणि दुपारी कॉलेजात शोकसभा उरकलीसुद्धा. दोन मिनिटं उभे राहिलो, शिपायाने ठरावाचं रजिस्टर फिरवलं, डोळ्यांत पाणी होतं, मी सही केली. आठवड्याने कळलं, दुखवट्याच्या खाली आणखी एक ओळ होती... शिक्षक उपलब्ध नसल्याने फौजदारी न्यायाचा अभ्यासक्रम बंद करण्यात यावा. निवृत्तीनंतर सरांनी सगळा जीव त्याच अभ्यासक्रमात ओतला होता, आणि तो बंद करणाऱ्या कागदावर माझी सही! स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सर कुंडलचे. फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला आमच्या बी.ए.च्या मुलांना शिकवायला आले. मी राज्यशास्त्राची, आमची टेबलं शेजारी. मुलं यायची पोलीस भरतीच्या आशेने, त्यांना हवी असायची कलमं आणि गाइडं. सर शिकवायचे पंचनामा. खोलीचं माप घे, दार कुठल्या बाजूला उघडतं ते लिही, दिसलं नाही ते लिहू नको. नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, मुलं हवालदिल झाली. सर म्हणाले, "आकडं बदलू देत की. डोळं तर त्येच हायत न्हवं?"

दोन वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकाला त्यांनी कँटीनमागे काळी मोटरसायकल उभी केली, पंचनाम्यात मात्र लाल स्कूटर लिहिली, आणि एकेका विद्यार्थ्याला पंच म्हणून सही करायला सांगितलं. सव्वीसच्या सव्वीस जणांनी सही ठोकली. सरांनी सगळ्यांना नापास केलं.

"आवं सर, तुमी लिवलंय म्हटल्यावर आमी काय तपासायचं?" एकजण रडकुंडीला येऊन म्हणाला.

"म्हणूनच नापास."

मी भांडले. म्हटलं, सर, एवढं ताणू नका, मुलं पळतील. तेव्हा त्यांनी सांगितलं... नोकरीत नवे असताना, औंधच्या बाजूला, एका म्हातारीच्या घरातल्या चोरीचा पंचनामा त्यांनी ठाण्यात बसूनच लिहिला होता. टपरीवर चहा पिणारे दोघे पंच. कोर्टात वकिलाने विचारलं, घराचं दार कुठल्या बाजूला? पंचांना सांगता येईना. आरोपी सुटला. "म्हातारीनं बाहेर गाठलं मला. म्हणाली, सायब, माझ्या घरात तुमी पाऊलच टाकलं नव्हतं व्हय?" मला त्यांचा हट्ट कळला, आणि तरीही मी चिडलेलीच राहिले. पुढच्या वर्षी आठच मुलं आली. त्या आठांसाठी हा माणूस छातीत दुखत असताना कुंडलहून एसटीने येत राहिला. डॉक्टरांकडे जा म्हटलं की उत्तर एकच, "बघू." ते त्यांनी कधी बघितलं नाही.

ठराव कळल्यावर मी प्राचार्यांकडे गेले. "मॅडम, तुमचीही सही आहे त्यावर," ते म्हणाले. पुष्कळ वादावादीनंतर त्यांनी एवढं कबूल केलं, की शनिवारपर्यंत पंधरा मुलांच्या सह्यांचा मागणी अर्ज आला आणि शिकवायचं मी अंगावर घेतलं, तर विचार करू.

मी घाईघाईने अर्ज लिहिला. कालपर्यंत बारा सह्या झाल्या होत्या. आज गुरुवार. आज ज्योती आली, त्या नापास सव्वीसांतली, आता शेवटच्या वर्षाला आहे. तिने पेन हातात घेतलं आणि अर्ज वाचायला बसली. सावकाश, बोट ठेवून.

"मॅडम, हितं 'आम्ही पंधरा विद्यार्थी' असं लिवलंय. आमी तर माझ्यासकट तेराच हाय."

"होतील गं पंधरा. कर सही."

"झाल्यावर करते की."

आणि तिने पेन खाली ठेवलं! माझं डोकंच तापलं. दोन दिवस राहिलेत, या पोरीला आत्ताच हे सुचावं? ओठांवर आलेलं बोलणं मी कसंबसं गिळलं... आणि बारा सह्यांचा तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'आम्ही खाली सह्या करणारे विद्यार्थी.' ज्योतीने तोही पुरता वाचला, मग सही केली.

कागदावर आत्ता एकच सही आहे. त्या बारा जणांना पुन्हा गाठायचंय, आणि या वेळी आधी वाचायला लावायचंय.