ताईच्या मागच्या खोलीतला बँड

आमच्या गल्लीत तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. माझं शिलाईचं दुकान तिच्या लाँड्रीला लागून. मधे एका विटेची भिंत, त्यामुळे तिच्याकडचं बरंचसं मला न विचारताच कळत आलंय.

आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, भाऊ दहाचा. तिने लाँड्री सांभाळली आणि भावालाही. त्याचा आवाज एवढा दांडगा, की गल्लीने त्याचं नाव भोंगा ठेवलं. सतराव्या वर्षी त्याने तीन मित्र जमवले, कुठून तरी जुनी गिटार पैदा केली आणि ताईकडे मागची खोली मागितली. धुलाईची दोन मोठी यंत्रं तिथेच होती. ती घरघरत असली की गोंगाटाची तक्रार कुणी करणार नाही, असा त्याचा होरा. ड्रम मिळेपर्यंत एक जण साबणाच्या पावडरीचं रिकामं पिंप बडवायचा. माझी टीप वाकडी जायला लागली तेव्हा मी ताईला जाऊन सांगितलं. ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "डोळ्यांसमोर आहेत ना, वाजवू दे."

बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'वाफ'. पुढचं बहुतेकांना ठाऊकच आहे. आधी कॉलेजांमधून वाजवलं, मग एक गाणं रेडिओवर लागलं आणि तीन वर्षांत मैदानं कमी पडायला लागली. न्हाव्यापासून दाताच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत जो तो त्यांचीच गाणी गुणगुणायचा. पोरी लाँड्रीच्या पाटीखाली उभ्या राहून फोटो काढून घ्यायच्या.

भोंग्याने मोठं घर घेतलं आणि ताईला तिकडे नेलं. ती महिनाभर राहून परत आली. म्हणाली, तिथे साधा शर्ट धुवायलाही आपल्याला कुणी हात लावू देत नाही. एकदा ती त्याच्या कार्यक्रमाला गेली, मीही सोबत होतो. पहिल्या रांगेत बसलो होतो, कानात कापूस. हजारो माणसं त्याच्याबरोबर एका सुरात गात होती. ताई मात्र त्याच्या चुरगळलेल्या कॉलरकडे बघत होती. परतताना बसमध्ये एवढंच बोलली, "आता तो किती जणांचा झालाय." त्यात कौतुक होतं, पण निव्वळ कौतुक नव्हतं.

फोन आधी दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा, मग त्याच्या मॅनेजरचाच. अकरा वर्षांनी बँड फुटला. त्याच सुमारास भोंग्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. ताई दवाखान्यात दीड महिना त्याच्या उशाशी होती. बरा झाल्यावर घरी चल म्हणून तिने परोपरीने विनवलं, पण तो आला नाही. पुढे त्याची एक चिठ्ठी आली, दोनच ओळींची. गल्लीत सगळे मला आवाजाने ओळखतात. मी तिथे कसा येऊ?

त्यानंतरच्या रविवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून शब्द नाही. ताईने लगेच ओळखलं. "जेवलास?" तिने विचारलं. पलीकडे बोटाने एकदा टकटक झाली. तेव्हापासून हे दर रविवारचं झालं. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. गल्लीतल्या बातम्या, गिऱ्हाइकांची भांडणं, माझ्या चष्म्याचा वाढलेला नंबर, सगळं ती त्याला सांगायची. शेवटी विचारायची, "येतोस का?" तिथे काहीच वाजायचं नाही. ना एकदा, ना दोनदा. ती रिसीव्हर हळूच ठेवायची आणि पुन्हा इस्त्रीकडे वळायची.

गेल्या वर्षी कॉलेजच्या चार मुली तिच्याकडे आल्या. त्यांचाही बँड होता. 'वाफ' ऐकतच मोठ्या झालेल्या, आणि तालमीला जागा नव्हती. मला वाटलं, ताई नाही म्हणेल. तिने यंत्रं एका बाजूला सरकवून घेतली.

रविवारी फोन आला तेव्हा त्यांची तालीम चालू होती. ताईने रिसीव्हर खोलीच्या दारात, तार पोचेल तिथवर धरला. मी कपडे द्यायला आलो होतो, तो तिथेच थबकलो. मुली भोंग्याचंच एक गाणं म्हणत होत्या, दोन ठिकाणी चुकीचं. संपल्यावर ताईने फोन कानाला लावला.

"आवडलं?"

तिचा चेहरा बघून कळलं, एकदा वाजलं असणार. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला आणि या वेळी डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून म्हणाली, "बरं. सावकाश ये. घाई नाही."

या गोष्टीला आता आठ महिने झाले. तो अजून आलेला नाही. कधी येणार, हे टकटकीने सांगता येत नाही, आणि येतोस का हे तिने पुन्हा विचारलेलं नाही. वरच्या खोलीतली त्याची गादी मात्र ती दर आठवड्याला उन्हात घालते. परवा मला म्हणाली, त्याचे जुने शर्ट आता घट्ट होतील, शिवण उसवून जरा सैल करून ठेव.